जावा-येझदी 250: बोअर करूनही इंजिन पुन्हा पकडतं, तेव्हा हवा कुठून शिरते ते शोधा

मैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून 1996 पर्यंत बनवलेल्या टू-स्ट्रोक जावा आणि येझदी 250 बद्दलचं हे लिखाण आहे. 2018 नंतर बाजारात आलेल्या जावा आणि येझदी फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या मालकांनी इथे वेळ घालवू नये.

तक्रार ठरलेली असते. घरी इंजिन उतरवलं, बॅरल (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं) बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठा करून आणला, नवा पिस्टन आणि रिंगा टाकल्या, आणि चार-पाचशे किलोमीटरच्या आत इंजिन पुन्हा पकडलं, म्हणजे पिस्टन बॅरलमध्ये अडकून जाम झाला. मग लेथवाल्याला शिव्या, मग पुढचा ओव्हरसाइज (आणखी मोठा पिस्टन), आणि दोन महिन्यांनी परत तेच. बोअर क्वचित चुकलेला असतो. बहुतेक वेळा क्रँककेसमध्ये (पिस्टनच्या खाली, क्रँक फिरतो त्या बंद पेटीत) नको त्या जागेतून हवा शिरत असते. ती जागा सापडेपर्यंत कितीही पिस्टन बदलले तरी पैसे वाया जातात.

या इंजिनात क्रँककेस हाच पंप आहे. पिस्टन वर जाताना खाली ओढ तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून हवा, पेट्रोल आणि 2T ऑइल आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वर जातं. फाटलेल्या सीलमधून किंवा पॅकिंगमधून जास्तीची हवा आली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पातळ मिश्रण जास्त तापतं आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही तेवढंच कमी येतं. उष्णता वाढते त्याच वेळी वंगण घटतं, आणि पिस्टन पकडतो.

लक्षणं

- थंड असताना गाडी बरी चालते. दहा-पंधरा मिनिटांनी स्लो (रेस न देता इंजिन फिरतं ती गती) आपोआप वाढतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली यायला वेळ लागतो.
- स्लो कधी चढतं, कधी पडतं. स्क्रू कितीही फिरवला तरी एका जागी बसत नाही.
- 60-70 च्या वेगाने काही वेळ चालवल्यावर इंजिन जड होतं, क्लच दाबला नाही तर मागचं चाक घासतं. दहा मिनिटं थांबलं की किक पुन्हा सुटते आणि गाडी चालू होते.
- प्लग पांढरा, खडूसारखा कोरडा निघतो.
- किंवा बरोबर उलट: प्लग ओला, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, गरम झाल्यावरही कमी न होणारा, आणि गिअर ऑइल सारखं कमी होतंय.
- डायनॅमोचं झाकण उघडलं की आत ऑइलचा चिकट थर, पॉइंट (उघडला की ठिणगी पाडणारा स्विच) वारंवार खराब.

शेवटची दोन लक्षणं महत्त्वाची आहेत, कारण ती बाजू सांगतात. डावीकडे प्रायमरी चेन आणि क्लच ऑइलमध्ये असतात, आणि तेच ऑइल गिअरबॉक्सचंही. त्यामुळे डावीकडचं क्रँक सील गेलं की क्रँककेस हवेऐवजी गिअर ऑइल ओढते आणि धूर होतो. उजवीकडे डायनॅमो आहे, तिथे सगळं कोरडं असतं, म्हणून ते सील गेलं की निव्वळ हवा शिरते, आणि पिस्टन खाली येताना बाहेर फेकलेल्या मिश्रणातलं ऑइल डायनॅमोवर बसतं. धूर काढणारी गाडी लोक लगेच गॅरेजला नेतात. हवा ओढणारी गाडी सुरुवातीला उलट चपळ वाटते, आणि पिस्टन तीच खाते.

आधी टाकी आणि नळ

मिश्रण मोजून घाला. 1:25 म्हणजे लिटरला 40 मिली, 1:30 म्हणजे 33, 1:40 म्हणजे 25 मिली. चांगल्या प्रतीच्या आजच्या 2T ऑइलवर या जुन्या इंजिनांना 1:30 पुरतं, रनिंग-इनमध्ये (नवा पिस्टन रुळेपर्यंत) 1:25 ठेवा. "जरा जास्तच ऑइल घालू, पकडणार नाही" हा समज घातक आहे. ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण आणखी पातळ होतं.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते. जुन्या जेटिंगवर याचा परिणाम मिश्रण थोडं पातळ होण्यातच होतो. शिवाय ते पाणी ओढतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीतलं पेट्रोल काढून टाका, त्यावर इंजिनाची परीक्षा घेऊ नका. नळातलं कॉर्क आणि जुन्या रबरी नळ्याही त्यात फुगतात किंवा भुगा होतात.

मग प्रवाह मोजा. कार्ब्युरेटरची नळी काढून बाटलीत धरा, नळ पूर्ण उघडा, एक मिनिट मोजा. निदान 250 मिली आलं पाहिजे. पूर्ण रेसवर हे इंजिन मिनिटाला साधारण 100 ते 120 मिली पितं, बाकीची जागा सुरक्षिततेसाठी. कमी आलं तर टाकीचं झाकण सैल करून पुन्हा मोजा. आता वाढलं तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. नाही वाढलं तर नळाची जाळी काढा, गंज निघेल. गावात नीट चालणारी आणि हायवेवर दहा मिनिटांनी पकडणारी गाडी असेल तर हे दुसरं कारण फार वेळा सापडतं, आणि बरं करायला एक जुना टूथब्रश पुरतो.

जाता जाता घाटाबद्दल. कसारा किंवा खंबाटकी उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी रोखली तर इंजिन जोरात फिरतं, पण पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. मिश्रणाच्या टू-स्ट्रोकमध्ये असं लांबवर उतरायचं नसतं. मधूनमधून रेस द्या आणि ब्रेक वापरा. फक्त घाट उतरल्यावरच पकडणाऱ्या इंजिनात दोष नसतोही.

प्लग, पॉइंट, टायमिंग

पॉइंटची फट फिलर गेजने मोजा, साधारण 0.4 मिमी. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) लावण्याआधी फट लावायची, नंतर नाही. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. पुढे गेलेल्या टायमिंगमुळे पिस्टनचा माथा तापतो, चढावर खडखड ऐकू येते. किती मिमी आधी ठिणगी पडायला हवी, तो आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. येझदीची क्लासिक आणि रोडकिंग ही मॉडेलं एकाच आकड्यावर लावायचा आळस करू नका. पिस्टनची उंची प्लगच्या भोकातून डायल गेजने मोजा. पेचकस घालून अंदाजाने लावलेलं टायमिंग पकडलेल्या पिस्टनच्या तपासात कामाचं नाही.

सायलेन्सर काढून आत बघा

बॅरल उतरवण्याआधी ही तपासणी करा. दोन्ही सायलेन्सर पाइप काढा, किकने पिस्टन सावकाश खाली-वर करा आणि एक्झॉस्ट पोर्टमधून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पहा. पोर्ट आणि सायलेन्सरमधला काजळीचा थरही याच वेळी दिसेल. तो जाड असेल तर खरवडा, कारण अडलेला धूर इंजिन तापवतो.

पिस्टनवरच्या खुणा पुष्कळ सांगतात.

फक्त एक्झॉस्टच्या बाजूला रुंद, चोळल्यासारखा पट्टा असेल तर उष्णता जास्त झाली, म्हणजे मिश्रण पातळ किंवा टायमिंग चुकीचं. हवेच्या गळतीची खूण हीच.

चारही कोपऱ्यांना, म्हणजे पिनच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर उभे पट्टे असतील तर पिस्टन घट्ट बसवलाय, किंवा थंड इंजिनावर एकदम रेस दिली. इथे मात्र लेथवाल्याकडे बोट दाखवायला जागा आहे.

इनटेकच्या बाजूला घासलेलं असेल तर वंगण कमी पडलं. बारीक, दाट उभ्या रेघा म्हणजे एअर फिल्टरमधून आलेली धूळ. माथा वितळलाय किंवा भोक पडलंय, तर आधी टायमिंग, मग मिश्रण.

इनटेकची बाजू अशी बाहेरून दिसत नाही, तिच्यासाठी बॅरल उतरवावाच लागतो. पण एक्झॉस्टच्या बाजूचा पट्टा दिसला तर पुढच्या तपासणीची दिशा ठरली.

कार्ब्युरेटर ते बॅरल

गळतीच्या जागांमध्ये ही सगळ्यात स्वस्त. स्लो चढलेलं असताना जिकोव्ह कार्ब्युरेटरचा टिकलर (जास्तीचं पेट्रोल सोडणारं बटण) हलकेच दाबा. मिकुनी असेल तर चोक थोडा ओढा. इंजिन शांत, एकसारखं चालायला लागलं तर मिश्रण पातळ होतं हे पक्कं. घुसमटून बंद पडलं तर मिश्रण आधीच भरपूर होतं आणि तुम्ही चुकीच्या दिशेला शोधताय.

मग इनटेकच्या जोडावर आणि क्लॅम्पच्या भोवती ब्रशने थोडं 2T ऑइल लावा. रेस लगेच बदलली तर गळती तिथेच. स्प्रेचा डबा वापरणारे बरेच आहेत, पण तो ज्वालाग्राही असतो आणि शेजारी तापलेला सायलेन्सर असतो. डायनॅमोचं झाकण उघडून तर स्प्रे कधीच मारू नका, तिथे पॉइंट ठिणग्या टाकत असतात.

इथला नेहमीचा दोष म्हणजे इनटेक स्टबचा (कार्ब्युरेटर बसतो त्या छोट्या नळीचा) वाकलेला फ्लँज. गळतं म्हणून नट आवळले, फ्लँजचे कान पुढे वाकले, मधे फट पडली, आणखी आवळले. जाड काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर फ्लँज आठच्या आकड्यात घासा. सगळा पृष्ठभाग सारखा चमकेपर्यंत. मग नवं पॅकिंग, आणि नट बेतानेच. सिलिकॉन फासून भागवू नका. पेट्रोलमध्ये ते सुटतं आणि तुकडे आत जातात.

गिअर ऑइल

लेव्हल स्क्रू उघडून पातळी पहा आणि खूण करून ठेवा. 200 किमीनंतर पुन्हा बघा. बाहेर थेंबही न पडता ऑइल कमी झालं तर ते डाव्या सीलमधून किंवा क्रँककेसच्या दोन अर्ध्यांच्या मधल्या जोडातून क्रँककेसमध्ये गेलं. गिअरबॉक्स आणि क्रँकची खोली एकाच क्रँककेसमध्ये शेजारी आहेत, मधे फक्त भिंत आणि जोडाची कड. लोक हा जोड विसरतात, सील दोनदा बदलतात आणि धूर तसाच राहतो. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर तीच गळती उलट दिशेनेही चालू आहे.

दाब चाचणी

ही चाचणी केल्याशिवाय बॅरल बोअरला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. लागणारं सामान: रक्तदाब मोजायच्या यंत्राचा काटा आणि फुगा, एक जुना प्लग, रबरी शीट, साबणाचं पाणी. यंत्राचा काटा 300 पर्यंत असतो. 300 मिमी पारा म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 0.4 किलो दाब, आणि आपल्याला तेवढाच हवा. सायकलचा पंप लावू नका. जास्त दाबाने चांगल्या सीलची कडही उलटते.

जुन्या प्लगमधलं चिनीमातीचं नळकांडं फोडून काढा आणि धातूची छोटी नळी अ‍ॅराल्डाइटने पक्की बसवा. पूर्ण एक दिवस सुकू द्या. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर काढा. इनटेकवर रबरी शीट आणि तिच्यावर लोखंडी पट्टी आवळा. दोन्ही एक्झॉस्टच्या तोंडात रबर घालून पाइपच्या रिंग नटाने किंवा पट्टीने दाबा. पिस्टन अगदी खाली ठेवा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतील आणि वरून भरलेली हवा क्रँककेसपर्यंत पोचेल.

दाब 300 वर न्या आणि एक मिनिट थांबा. 50 पर्यंत उतरला तर चालेल. त्याहून जास्त उतरला तर गळती आहे, आणि दहा सेकंदांत शून्यावर आला तर बहुधा तुमचीच रबरं नीट बसलेली नाहीत. आधी ती साबणाने तपासा.

मग क्रमाने साबणाचं पाणी लावत जा: प्लगची बैठक, हेडचा जोड, बॅरलच्या खालचं पॅकिंग, क्रँककेसचा मधला जोड. डायनॅमो काढून उजव्या सीलवर. डावं सील बाहेरून दिसत नाही, पण गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पडदा धरा. तो फुगून वर आला तर हवा गिअरबॉक्समध्ये जातेय. आता ऑइल काढून डावं कव्हर उघडा आणि सीलवर साबण लावा. बुडबुडे सीलवर नसतील तर दोष मधल्या जोडाचा, आणि इंजिन पूर्ण उघडावं लागणार.

एक खोच लक्षात ठेवा. सीलची स्प्रिंगची बाजू क्रँककडे असते, त्यामुळे आतल्या दाबाने कड शाफ्टवर आणखी घट्ट बसते. ओढ लागली की तीच कड उचलली जाते. म्हणून दाबात पास झालेलं सील चालू इंजिनात हवा ओढू शकतं. दाब चाचणी पास झाली पण लक्षणं कायम राहिली, तर हातपंपाने 150 ते 200 मिमीची ओढ लावून तीच परीक्षा पुन्हा घ्या.

सील बदलताना

आधी सीलच्या बाहेरच्या कडेला घरात अडकणारी उभी कंगोरी आहे का ते पहा. असेल तर बाहेरून ओढू नका, क्रँककेस उघडूनच ते निघतं. साधं असेल तर त्याच्या पत्र्याला बारीक भोक पाडून, स्क्रू घालून सरळ ओढता येतं. भोक पाडताना ड्रिलला ग्रीस लावा, म्हणजे कीस आत जाणार नाही. काढण्यापूर्वी ते कोणत्या तोंडाने आणि किती खोल बसलंय ते लिहून ठेवा.

दुकानातलं "ओरिजिनल जुनं स्टॉक" सील घेताना कड नखाने वाकवून पहा. वीस-पंचवीस वर्षं कपाटात पडलेलं रबर कडक झालेलं असतं. त्याच मापाचं चांगल्या कंपनीचं नवं सील त्यापेक्षा बरं. शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली खाच नखाला लागत असेल तर नवं सील अर्धा-एक मिमी अलीकडे बसवा, जागा असेल तरच. कडेला 2T ऑइल लावा आणि शाफ्टच्या चावीच्या खाचेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून सील सरकवा. नवी सीलं याच खाचेवर फाटतात.

नवं सीलही लवकर गेलं, तर

मग सीलचा दोष नाही, क्रँक हलतोय. डायनॅमोचं आर्मेचर थेट क्रँकच्या टोकावर बसतं, त्यामुळे इथे एक फुकटची साक्ष मिळते. आर्मेचर आणि पोलच्या तुकड्यांवर घासल्याच्या चमकदार खुणा दिसल्या तर मेन बेअरिंग संपलंय. खुणा नसतील तर क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवा. हाताला जाणवेल अशी हालचाल असूच नये. आत-बाहेर किंचित सरकणं वेगळं, त्याने घाबरू नका.

इथे हात थांबवा

बेअरिंग किंवा मधल्या जोडासाठी क्रँककेस उघडायची वेळ आली आणि तुमच्याकडे पुलर नसेल, तर थांबा. जोडात पेचकस घालून उचकटल्याने भंगार झालेल्या क्रँककेस कमी नाहीत, आणि पेचकसाचा एक ओरखडा म्हणजे नवी कायमची गळती.

कनेक्टिंग रॉडला वर-खाली प्ले असेल तर क्रँक प्रेसवर उघडून, पिन आणि रोलर बदलून, डायल गेजवर सरळ करावा लागतो. हे घरचं काम नाही. ज्याच्याकडे प्रेस आहे पण व्ही-ब्लॉक आणि डायल गेज नाही, त्याच्याकडेही देऊ नका. वाकडा क्रँक नवी सीलं आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत खातो.

बोअरिंग, होनिंग, तुटलेला स्टड, क्रँककेसला तडा ही कामंही जाणकाराचीच. चालत्या गाडीवर इंजिन पकडत असेल तर कारण सापडेपर्यंत रस्त्यावर नेऊन "एकदा बघू" करू नका. मागचं चाक लॉक होतं आणि क्लचवर बोट असेलच याची खात्री नसते.

बोअर करायचाच असेल

पिस्टन आधी विकत घ्या, मग तो बॅरलबरोबर लेथवाल्याला द्या. ओव्हरसाइजच्या आकड्यावर बोअर करून घेऊ नका, हातातल्या पिस्टनच्या मापावर करून घ्या. एअर-कूल्ड लोखंडी बॅरलसाठी पिस्टन आणि बोअरमधल्या फटीचा जुना हिशेब इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असा आहे. 65 मिमी बोअरला साधारण अडीच थाऊ, म्हणजे 0.06 मिमीच्या आसपास. पिस्टनच्या डब्यावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. रिंग एकटी बॅरलमध्ये सरळ बसवून तोंडातली फट मोजा, 0.25 मिमीच्या खाली नको.

परत आलेल्या बॅरलमध्ये बोट फिरवा. पोर्टच्या कडा धारदार लागल्या तर चॅम्फर (कडांची धार मोडणं) राहिलाय. तशाच बसवल्या तर रिंग पोर्टमध्ये अडकून मोडते. गरम साबणाच्या पाण्याने, ब्रशने बॅरल धुवा, पांढऱ्या फडक्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत. पेट्रोलने धुतलेल्या बॅरलमध्ये होनिंगची पूड तशीच चिकटून राहते.

जोडणी झाली की दाब चाचणी पुन्हा. ती पास झाली, प्रवाह आणि टायमिंग बरोबर आहे, आणि तरीही पहिल्या 100 किमीनंतर प्लग पांढराच निघतोय, तरच जेटला हात लावा. आधी सुई एक खाच वर, पुरलं नाही तर मेन जेट एक नंबर मोठा. गळतीवर मोठा जेट लावणं हा उपाय नाही. रेस चढलेली असताना तो चालल्यासारखा वाटतो, पण गळती दर आठवड्याला थोडी वाढते आणि जेट तेवढाच राहतो.